ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवावा की बाहेर? एका मोजमाप-कार्डाच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: "आमच्या छोट्या टीमने पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं मोजमापाचं कार्ड बनवलं आहे. त्यावर एफपीजीए, म्हणजे आतली रचना प्रोग्राम करून बदलता येणारी चिप, आहे. ८ चॅनेल, प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला १० लाख नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. कार्ड स्वतःच डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, डेटा थेट मेमरीत टाकतं. मशीन लिनक्सवर चालतं आणि ग्राहकाकडे जातं; मदरबोर्ड दर खेपेला तोच मिळेल याची खात्री नसते. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कोड, कसा रचावा यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो सगळं कर्नल मॉड्यूलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, लिहू, वेग मिळेल. दुसरा म्हणतो सगळं युजर स्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रामसारखं गाभ्याबाहेर, ठेवू, कोसळलं तरी मशीन चालू राहील. कॉलेजात मोनोलिथिक (ड्रायव्हर गाभ्याच्या आत) आणि मायक्रोकर्नलचे (ड्रायव्हर बाहेर) फायदे-तोटे पाठ केले होते, पण निर्णय कशावर घ्यायचा ते समजत नाही."

पुण्यात वीस-बावीस वर्षं एम्बेडेड काम करताना मी या वादात दोन्ही बाजूंनी भांडलो आहे. आता मी सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून करतो. ड्रायव्हरमधली एकेक वस्तू घ्या: बफर (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी), रजिस्टर (कार्डाला हुकूम द्यायची जागा), इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक), उघडलेली फाइल. या क्षणी तिचा मालक कोण? आणि तो मालक अचानक नाहीसा झाला तर मागचं कोण आवरणार? ही उत्तरं आधी कागदावर लिहा. ड्रायव्हर कुठे राहणार हे त्यातूनच बरंचसं ठरत जातं.

ड्रायव्हर कर्नलच्या आत गेले ते युनिक्सच्या सुरुवातीच्या रचनेमुळे. उपकरण म्हणजे एक फाइल. त्या फाइलचा मेजर नंबर, म्हणजे तिचा ड्रायव्हर कुठला हे सांगणारा क्रमांक, घेऊन कर्नल एका तक्त्यात बघायचा आणि तिथे नोंदलेलं ओपन, रीड, राइट किंवा क्लोज हे फंक्शन थेट बोलवायचा. फंक्शन कॉलइतकं स्वस्त दुसरं काही नाही, आणि तेव्हाच्या हार्डवेअरवर ते योग्यच होतं. आजचा लिनक्स मूळ याच वाटेवर आहे. तक्त्याच्या जागी फंक्शन-पॉइंटरांची स्ट्रक्चर आली आणि मॉड्यूल चालत्या कर्नलमध्ये घालता-काढता येऊ लागलं. मात्र मॉड्यूल वेगळ्या फाइलमध्ये असतं म्हणून ते वेगळ्या खोलीत राहतं असा समज करून घेऊ नका. एकदा लोड झालं की कर्नलची सगळी मेमरी त्याला उघडी असते.

त्याची किंमत काय असते ते २००८ च्या एका घटनेत स्पष्ट दिसतं. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्या चालू असताना इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांच्या कायमस्वरूपी मेमरीत कचरा लिहिला जाऊ लागला आणि कार्डं निकामी होऊ लागली. संशय अर्थातच ई१०००ई या नेटवर्क ड्रायव्हरवर आला. खरा दोष निघाला फंक्शन ट्रेस करणाऱ्या एफट्रेस या सुविधेत. मोकळ्या झालेल्या कोडचे पत्ते तिने धरून ठेवले होते. तेच पत्ते पुढे कार्डाच्या मेमरीला मिळाले आणि एफट्रेसने तिथे लिहिलं. ज्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही असा कोड नेटवर्क कार्ड कायमचं बिघडवू शकला, कारण घरात भिंतीच नव्हत्या. पुढे ड्रायव्हरमध्ये त्या मेमरीला लेखन-संरक्षण घालण्यात आलं. तुमच्या कार्डावर कॅलिब्रेशनचे आकडे ठेवणारी फ्लॅश असेल तर आजच हार्डवेअरवाल्यांशी बोला: ठरावीक कुलूप उघडल्याशिवाय तिच्यात लिहिताच येता कामा नये.

आकडेही हेच सांगतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सचा कोड तपासला तेव्हा ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटीपर्यंत गेलेलं आढळलं. याचा अर्थ ड्रायव्हर लिहिणारे निष्काळजी असतात असा मी काढत नाही. मुख्य कर्नलचा कोड लाखो मशीनवर रात्रंदिवस चालतो आणि घासून गुळगुळीत होतो. ड्रायव्हर चालतो मोजक्या हार्डवेअरवर, आणि त्याचा चूक हाताळणारा भाग तर वर्षातून एखाद्या वेळी. जो कोड चालतच नाही त्यातली चूक कोणाला सापडणार?

म्हणून ड्रायव्हर बाहेर काढायची कल्पना जुनीच आहे. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते टॅनेनबॉम आणि लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांच्यात मायक्रोकर्नल की मोनोलिथिक यावरून जो वाद झाला तो याच मुळाचा. टॅनेनबॉम यांच्या मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे २००५ पासून, प्रत्येक ड्रायव्हर ही वेगळी प्रक्रिया आहे, आणि मेलेल्या ड्रायव्हरला पुन्हा उभा करणारा एक सर्व्हर आहे. त्याचं नावच पुनर्जन्म या अर्थाचं आहे. क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम हीच रचना कित्येक वर्षं गाड्यांमध्ये आणि यंत्रांमध्ये चालवत आली आहे. ॲपलने २०१९ मध्ये ड्रायव्हरकिट आणून मॅकवरचे बरेच ड्रायव्हर कर्नलबाहेर न्यायला सुरुवात केली.

पण पुनर्जन्म झाला तरी आधीच्या जन्मातलं काय काय आठवतं, हे महत्त्वाचं. नेटवर्क ड्रायव्हर मरून परत उठला तर हरवलेली पॅकेट टीसीपी हा नेटवर्कचा प्रोटोकॉल पुन्हा पाठवतो, वापरणाऱ्याला कळतही नाही. तुमच्या कार्डाला टीसीपी नाही. ड्रायव्हर अर्धा सेकंद बंद पडला तर प्रत्येक चॅनेलचे ५ लाख नमुने गेले, ते परत येणार नाहीत. तेव्हा ड्रायव्हर कुठेही ठेवा, पण एफपीजीएने प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला क्रमांक टाकलाच पाहिजे. मग वरच्या प्रोग्रामला निदान "इथे खंड पडला" हे कळतं. खंड माहीत असलेलं मोजमाप वापरता येतं. नकळत जोडलं गेलेलं मोजमाप ग्राहकाला चुकीच्या निष्कर्षावर नेतं, आणि मोजमापाच्या धंद्यात याहून वाईट काही नाही.

आता वेगाचा मुद्दा. ८ चॅनेल, १० लाख नमुने, २ बाइट: सेकंदाला १६ मेगाबाइट. पीसीआय एक्सप्रेससाठी हे किरकोळ आहे. कार्डाने दर ४ मिलिसेकंदांनी ६४ हजार बाइटचा ब्लॉक भरून एक इंटरप्ट दिला तर सेकंदाला फक्त २५० इंटरप्ट होतात. ४ मेगाबाइटचं रिंग बफर (शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरणारं) ठेवलं तर ते भरायला पाव सेकंद लागतो, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रामला पाव सेकंद उशीर झाला तरी काही बिघडत नाही. साधारण लिनक्स मशीनवर युजर स्पेसचा प्रोग्राम एवढ्या वेळात आरामात जागा होतो. तेव्हा "वेगासाठी कर्नल" हा तुमच्या पहिल्या तटाचा मुद्दा तुमच्याच आकड्यांपुढे टिकत नाही. कार्डाला दर नमुन्यामागे काही मायक्रोसेकंदांत उत्तर हवं असतं तर गोष्ट वेगळी होती. ही आकडेमोड अर्ध्या तासाची आहे, आणि ती न करता वाद घालण्यात महिने गेलेले मी पाहिले आहेत.

दुसऱ्या तटाचा "युजर स्पेस म्हणजे सुरक्षित" हा मुद्दाही तितकाच तपासायला हवा, कारण तुमचं कार्ड डीएमए करतं. डीएमए करणाऱ्या उपकरणाला प्रोसेसरचं मेमरी-संरक्षण लागू होत नाही. युजर स्पेसमधल्या ड्रायव्हरने कार्डाच्या रजिस्टरमध्ये चुकीचा पत्ता लिहिला तर कार्ड कर्नलच्या मेमरीवर बेधडक लिहील. प्रक्रिया वेगळी आहे म्हणून काही वाचत नाही. त्याला अडवणारी गोष्ट एकच: आयओएमएमयू, म्हणजे उपकरण आणि मेमरी यांच्यामधला पहारेकरी. लिनक्समधलं यूआयओ, २००७ चं, रजिस्टर आणि इंटरप्ट युजर स्पेसला देतं, पण डीएमएचा बंदोबस्त करत नाही. व्हीएफआयओ, २०१२ चं, आयओएमएमयू वापरून तो बंदोबस्त करतं. त्यामुळे तुमच्यासाठी युजर स्पेस याचा अर्थ व्हीएफआयओ, यूआयओ नव्हे.

व्हीएफआयओ निवडलं की दोन प्रश्न उभे राहतात, आणि माझ्या मते तुमचा निर्णय तिथेच अडला आहे. पहिला: ग्राहकाच्या मदरबोर्डवर आयओएमएमयू आहे का, बायोसमध्ये चालू आहे का, आणि तुमचं कार्ड दुसऱ्या कुठल्या उपकरणाबरोबर एकाच गटात तर पडत नाही ना? गट एक असेल तर दोघांना वेगवेगळ्या मालकांकडे देता येत नाही. बोर्ड दर खेपेला बदलत असेल तर हे प्रत्येक वेळी तपासावं लागेल. दुसरा: प्रोग्राम अचानक मेला तर कार्डाचं काय? व्हीएफआयओ फाइल बंद होताना कार्ड रीसेट करायचा प्रयत्न करतं. तुमच्या एफपीजीएत फंक्शन लेव्हल रीसेट, म्हणजे मशीन बंद न करता फक्त हे कार्ड मूळ अवस्थेत आणायची सोय, नीट बसवला आहे का? नसेल तर कार्ड अर्धवट अवस्थेत अडकतं आणि पुढच्या वेळी प्रोग्राम चालू केल्यावर विचित्र वागतं. मालक गेल्यावर मागचं कोण आवरणार, हा सुरुवातीचा प्रश्न इथे हार्डवेअरच्या दारात येऊन उभा राहतो.

मी तुमच्या जागी असतो तर मधली वाट धरली असती: कर्नलमध्ये एक पातळ मॉड्यूल आणि बाकी सगळं बाहेर. ग्राफिक्सवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. विंडोज व्हिस्टापासून डिस्प्ले ड्रायव्हरचे दोन भाग झाले. शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) कम्पाइल करण्यासारखं मोठं, गुंतागुंतीचं काम युजर मोडमध्ये गेलं आणि कर्नलमध्ये मेमरी व रांगा सांभाळणारा भाग उरला. जीपीयू साधारण २ सेकंद प्रतिसाद देईना तर विंडोज तो रीसेट करून पुढे जातं. लिनक्सवरही ग्राफिक्सचा मेसा हा भाग बाहेर आणि डीआरएम हा भाग कर्नलच्या आत, अशीच विभागणी आहे.

काय आत ठेवायचं त्याची माझी कसोटी सोपी आहे. इंटरप्ट घेणं, डीएमएचे पत्ते देणं, बफरची मालकी फिरवणं आणि वाचणारा मेला तर कार्ड थांबवणं, एवढंच आत. कॅलिब्रेशन, फाइल वाचणं, फॉरमॅट बदलणं, सेटिंगची छाननी, फिल्टर हे सगळं बाहेर. विशेषतः बाहेरून आलेली फाइल उलगडण्याचं काम कर्नलमध्ये करूच नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरमुळे सुमारे ८५ लाख मशीन कोसळली. बाहेरून आलेल्या फाइलमधल्या, २१ रकान्यांची अपेक्षा करणाऱ्या नियमाला कोडने प्रत्यक्षात २०च पुरवले होते, आणि एकविसावा वाचायला जाताना हद्दीबाहेरची मेमरी वाचली गेली. हीच चूक युजर स्पेसमध्ये झाली असती तर एक प्रोग्राम पडला असता. ड्रायव्हर बूट होतानाच चालू होणारा असल्यामुळे मशीन उठायचं आणि पुन्हा पडायचं, आणि कितीतरी ठिकाणी माणसाला मशीनपर्यंत जाऊन ते दुरुस्त करावं लागलं.

आता या पातळ मॉड्यूलच्या आत बघू. जागा ठरली तरी मालकीचा हिशेब इथे रोज मांडावा लागतो.

डीएमए बफर एका वेळी एकाचाच असतो, एक तर प्रोसेसरचा किंवा कार्डाचा. मॅप केला की तो कार्डाचा झाला, अनमॅप केला की परत आपला. मध्ये डोकावायचंही नाही. हे मी एका एआरएम बोर्डावर तीन आठवडे घालवून शिकलो. एसपीआय या चिप जोडायच्या बसवर बसलेला एक सेन्सर होता. स्ट्रक्चरमध्ये ४८ बाइटचं बफर आणि त्याला लागूनच एक काउंटर. काही हजार वाचनांमागे एकदा जुने आकडे नव्या आकड्यांत मिसळून यायचे. सेन्सर बदलला, केबल बदलली, घड्याळाचा वेग कमी केला, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की प्रोसेसरची कॅश लाईन, म्हणजे त्याच्या जवळच्या वेगवान मेमरीत एका वेळी येणारा तुकडा, ६४ बाइटची आहे, आणि बफर व काउंटर एकाच लाईनमध्ये राहतायत. डीएमए चालू असताना दुसरा थ्रेड काउंटर एकने वाढवायचा. त्यासाठी अख्खी लाईन, जुन्या बफरसकट, कॅशमध्ये यायची, आणि सवडीने मेमरीत परत लिहिली जाताना ताजा डेटा पुसून टाकायची. कोडची एकही ओळ वाचताना चूक वाटत नव्हती. बफर स्वतंत्रपणे अलोकेट केलं आणि प्रश्न संपला. तुमचं मशीन एक्स८६ असेल तर तिथे हार्डवेअरच कॅश आणि डीएमए यांचा मेळ राखतं, त्यामुळे ही चूक दबून राहील. उद्या तेच कार्ड एआरएमवर लावलंत की वर येईल. म्हणून आत्तापासून डीएमए एपीआयचे नियम काटेकोर पाळा.

इंटरप्टबद्दल थोडक्यात. हँडलरमध्ये झोपायचं नाही, म्हणजे वाट बघायला लावेल असं काहीही करायचं नाही. कार्डाला पोच द्या, कुठला ब्लॉक भरला ते नोंदवा, वाचणाऱ्याला जागं करा आणि बाहेर पडा. जास्त काम असेल तर २००९ पासून थ्रेडेड इंटरप्ट आहेत, ते वापरा. पूर आला तर काय करायचं हे नेटवर्कवाल्यांच्या एनएपीआयकडून शिकावं. लग्नघरात पाहुणे येऊ लागले की दर बेलला कोणी उठत नाही, दार उघडंच ठेवतात आणि एक माणूस तिथे लक्ष ठेवतो. एनएपीआय तेच करतं: गर्दीच्या वेळी इंटरप्ट बंद करून स्वतःच जाऊन बघत राहतं आणि गर्दी ओसरली की बेल पुन्हा चालू. तुमच्या २५० इंटरप्टना याची गरज नाही.

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते वस्तूंच्या आयुष्याबद्दल, कारण माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ड्रायव्हरांमधल्या बहुतेक चुका तिथेच होत्या. लिनक्समध्ये उपकरण सापडलं की ड्रायव्हरचं प्रोब हे फंक्शन चालतं, गेलं की रिमूव्ह. नवा माणूस समजतो की रिमूव्ह झालं म्हणजे सगळं संपलं. तसं नसतं. कोणीतरी फाइल उघडून बसलेला असतो. उपकरण गेलं, पण फाइल अजून जिवंत आहे, आणि ती ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरकडे बोट दाखवते आहे. डेव्हएम घराण्याची फंक्शन सोयीची आहेत. त्यांनी घेतलेली मेमरी रिमूव्ह होताच आपोआप मोकळी होते. हीच सोय इथे गळ्याशी येते. मेमरी गेली, फाइल उरली, आणि पुढचा रीड मोकळ्या झालेल्या मेमरीत जातो. उपाय असा: फाइलला लागणारं स्ट्रक्चर वेगळं ठेवा, त्यावर संदर्भ-गणना (अजून किती जण ते वापरतायत याची मोजणी) लावा, आणि "उपकरण गेलं" अशी खूण ठेवा. प्रत्येक रीड ती खूण लॉकखाली, म्हणजे मध्ये दुसऱ्या कोणाला ती बदलू न देता, तपासून त्रुटी परत करेल. शेवटची फाइल बंद झाली की मगच मेमरी मोकळी.

आणखी एक. पीसीआय एक्सप्रेसवरचं कार्ड नाहीसं झालं की त्याचं रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट १ मिळतात. "व्यस्त बिट ० होईपर्यंत थांबा" असा लूप तुम्ही लिहिला असेल तर तो कधीच सुटणार नाही. प्रत्येक थांबण्याला मुदत हवी. एफपीजीए चालू मशीनमध्ये पुन्हा प्रोग्राम करताना कार्ड काही क्षण असंच नाहीसं होतं, त्यामुळे तुमच्या टेबलावर हे आठवड्यातून दोनदा घडेल.

युजर स्पेसला दिसणारा इंटरफेस शक्य तितका उशिरा आणि शक्य तितका छोटा करा. लिनक्स कर्नलच्या आतले एपीआय मुद्दाम स्थिर ठेवले जात नाहीत. तुमचं मॉड्यूल मुख्य कर्नलमध्ये नसेल तर नव्या आवृत्तीगणिक थोडी डागडुजी करावी लागेल, हा खर्च आताच धरा. बाहेरचा इंटरफेस मात्र एकदा ग्राहकाच्या प्रोग्रामने वापरला की बदलता येत नाही. आयओसीटीएल, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल, त्याच्या स्ट्रक्चरमध्ये लाँग किंवा पॉइंटर ठेवू नका, नाहीतर ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटच्या कर्नलवर वेगळंच काही वाचेल. ठरावीक रुंदीचे प्रकार वापरा. त्याआधी कर्नलमधली आयआयओ ही तयार चौकट तपासा. एडीसीसारख्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या) उपकरणांसाठीच ती आहे, बफर आणि चॅनेलची रचना तिच्यात आयती मिळते, आणि तिच्यात बसलात तर स्वतःचा इंटरफेस शोधायची वेळच येणार नाही.

टीममधलं कोणीतरी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेबद्दल विचारेलच. रस्टचा पाया लिनक्समध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून आहे, आणि मालकी व आयुष्य यांच्या ज्या चुका मी वर सांगितल्या त्यांतल्या बऱ्याच तो कम्पाइल करतानाच पकडतो. मला त्याची दिशा मनापासून पटते. पण तुमच्या ग्राहकांकडचे कर्नल जुने असतील, तर हा पहिला ड्रायव्हर सीमध्येच लिहा.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. टेबलावरच्या मशीनमध्ये आयओएमएमयू चालू करून व्हीएफआयओवर नमुना ड्रायव्हर लिहा. एफपीजीएची रजिस्टर रोज बदलत असताना दर चुकीला मशीन रीबूट करावं लागणार नाही, आणि डीएमएचा पत्ता चुकला तर आयओएमएमयू त्याची तक्रार लॉगमध्ये लिहील. रजिस्टरांचा नकाशा स्थिर झाला की पातळ कर्नल मॉड्यूलकडे वळा. ते कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) चालू असलेल्या कर्नलवरच तपासा. आणि पहिला डेटा आला त्याच दिवशी एक स्क्रिप्ट लिहा: वाचन चालू असताना वाचणाऱ्या प्रोग्रामला किल मायनस ९ ने मारायचं, सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलने फाइलींच्या रूपात दाखवलेल्या उपकरणांच्या यादीतून, ड्रायव्हर कार्डापासून सोडवायचा, परत बांधायचा, वाचन सुरू करायचं, ब्लॉकचे क्रमांक तपासायचे. हे रात्रभर हजार वेळा चालू द्या आणि सकाळी लॉग बघा.